बॅनरवरची बहीण

भोईरांच्या घरात ज्याचा फोटो माजिवड्याच्या चौकात कधीच लागला नव्हता असं एकच माणूस उरलं होतं: बायजाबाई. मुलगा मयूर वर्षातून चार-पाच वेळा लागे. सून करिश्मा एकदा हळदीकुंकवाच्या निमित्ताने लागली होती. गेल्या मार्चात घरच्या कुत्र्याचा वाढदिवसही 'टायगरशेठ' या नावाने, गळ्यात साखळी घालून, उड्डाणपुलाच्या खांबावर साजरा झाला. बायजाबाईंचा वाढदिवस मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. भात कापणीला आलं होतं तेव्हा तू झालीस, एवढंच त्यांची आई सांगायची, आणि तेवढ्यावर फ्लेक्स छापता येत नाही.

ते भात जिथे कापणीला आलं होतं तिथे आता एका टॉवरचा पोहण्याचा तलाव आहे. त्या शेतात बायजाबाईंनी लावणी केली, पहाटे डोक्यावर पाटी घेऊन कोपरीला भाजी विकली, नवरा काळुराम गेल्यावर पोर वाढवलं, आणि घोडबंदर रोडला मोठी माणसं राहायला येऊ लागली तेव्हा सांगतील तिथे अंगठा दिला. या सगळ्यात त्यांनी एक गुण जपला होता. स्वतःच्या शरीराबद्दल त्या बोलत नसत. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर अंगावरून पुन्हा जायला लागलं, तेव्हा त्यांनी ते उष्णतेवर ढकललं आणि सब्जा खाल्ला. वर्षभर खाल्ला.

करिश्माने एकदा मोरीत त्यांना लपवून फडकी धुताना पाहिलं, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, आणि तपासण्या होऊन पंधरवड्यात सगळं घर डॉक्टर संचितांसमोर बसलं.

"गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

मयूरने छताकडे पाहिलं. आईला गर्भाशय असावं ही गोष्ट त्याला प्रथमच, आणि तीही परक्या बाईकडून कळत होती.

"थोडा आजूबाजूला सरकलाय, पण बरा होण्यासारखा आहे. बाहेरून किरणं, सोबत आठवड्यातून एकदा केमो, आणि शेवटी आतून किरणं. सोमवारी सुरू करू. एकदा सुरू केलं की खंड नको, आणि सुरू करायला उशीर तर नकोच."

"मॅडम, ह्याच्या वरचं काय आहे?" मयूरने विचारलं. फ्रिज घेतानाही त्याने हेच विचारलं होतं.

"वरचं म्हणजे?"

"टॉपचं. मितेश बोलला, प्रोटॉन म्हणून मशीन असते."

मितेश हा मयूरचा मित्र. जमिनीचे व्यवहार करतो आणि उरलेल्या वेळात बॅनरवरचा मजकूर लिहितो.

"असते," डॉक्टर म्हणाल्या. "देशात मोजक्या ठिकाणी आहे. ती किरणं ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडे फारशी जात नाहीत. लहान मुलांच्या डोक्यातल्या गाठींना फार उपयोगी. तुमच्या आईंच्या आजारात अजून अभ्यास चाललाय. आणि आतून किरणं तिथेही घ्यावी लागतील. यांना जे लागतं ते इथे आहे."

"म्हणजे प्रोटॉन चांगलं आहे," मयूर म्हणाला.

घरी माणसं विचारपूस करायला येऊ लागली. आईला काय झालंय, या प्रश्नाला भोईरांच्या घरात उत्तर नव्हतं. 'पोटाचं' म्हटलं की 'पोटात कुठे' विचारत. प्रोटॉनने ती अडचण सोडवली.

"काय झालंय रे काकीला?"

"प्रोटॉन करतोय आपण तिचं."

पुढे कोणी विचारत नसे. रोगाला नाव नव्हतं, उपचाराला होतं, आणि तेही असं की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. शेजारच्या कलावतीने तर आपल्या जावेला सांगितलं की बायजाला प्रोटॉन झालाय, मोठ्या लोकांना होतो तो.

सोमवार आला तेव्हा मयूर म्हणाला, आठ दिवस थांबू. कागद प्रोटॉनवाल्या मोठ्या इस्पितळाला पाठवलेत. आणि त्याच आठवड्यात चौकात बॅनर लागला. 'मातोश्री बायजाबाई काळुराम भोईर यांना प्रोटॉन उपचारासाठी हार्दिक शुभेच्छा.' खाली मित्रमंडळाचे एकवीस चेहरे, सगळ्यांना काळे चष्मे. बायजाबाईंचा फोटो कोणाच्या तरी लग्नातला होता, त्यामुळे त्या प्रोटॉनला नथ घालून निघाल्या होत्या.

मोठ्या इस्पितळाचं उत्तर चार दिवसांत आलं. रुग्णाला नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसत नाही, जवळच्या ठिकाणी तातडीने सुरू करावं. मयूरने ते दोनदा वाचलं आणि नाराज झाला.

"नको बोलले काय?" करिश्माने विचारलं.

"नको नाय बोलले. वशिला लागेल. महिनाभर थांबू."

"डॉक्टर उशीर नको म्हणाल्या होत्या."

"अगं, बॅनर लागलाय. अख्ख्या ठाण्याने बघितलाय. आता इथल्याच मशीनवर झोपवली तर लोक काय बोलतील, पैसे संपले भोईरांचे?"

बायजाबाई दाराआड तांदूळ निवडत होत्या. महिनाभर हा शब्द त्यांनी ऐकला. वर्षभर सब्जा खाल्लेल्या बाईला महिना किती असतो ते कळतं. मयूर बाहेर पडल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली.

"करिश्मा, रिक्षा बोलव. त्याला सांग, आये गुरघ्याच्या शेकाला जातंय."

सूनबाईंनी डॉक्टर संचितांच्या इस्पितळात सही केली, आणि पुढच्या सोमवारी उपचार सुरू झाला. किरणं घेताना मूत्राशय भरलेलं लागतं, त्याने आतडी जरा बाजूला होतात. म्हणून ठरलेलं पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. पहिल्या दिवशी बायजाबाई हे पाणी घरूनच पिऊन निघाल्या. घोडबंदर रोडला जन्म काढलेल्या बाईने ही चूक करायला नको होती.

रिक्षा चौकाच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. समोर नथ घातलेल्या बायजाबाई, खाली रिक्षात ओठ मिटलेल्या बायजाबाई. रिक्षावाला सहदेव सिग्नलकडे पाहून कंटाळला, मग बॅनरकडे पाहू लागला, मग आरशात.

"काकू, ही सेम तुमच्यासारखी दिसते."

"बहीन हाय माझी."

"असं? कुठे जातायत त्या?"

"मोठ्या मशीनला. तू होर्न मार, मना घाई हाय."

पुढे रोज सहदेवच न्यायला येई, आणि रोज बहिणीची चौकशी करी. निघाली का? नाय, अजून नंबर नाय लागला. बायजाबाईंना या बहिणीचा लळा लागला. मान, नथ, शुभेच्छा सगळं तिने सांभाळावं. यांनी मुकाट्याने पाणी पिऊन आडवं व्हावं. केमोच्या दिवशी उलट्या होत, तेव्हा मात्र रिक्षातून बॅनरकडे पाहून त्या म्हणत, "हिचं बरं हाय."

तिसऱ्या आठवड्यात मयूर डॉक्टरांकडे वशिल्याची चिठ्ठी मागायला गेला आणि तळमजल्यावरच्या बाकावर त्याला आई दिसली. इस्पितळाचा निळा झगा, हातात बाटली.

"आये, इथे काय करतेस?"

"पानी पितंय."

"गुडघ्याच्या शेकाला हे लागतं?"

"गुरघा बरा हाय माझा. जिथं झालंय तिथं घेतंय."

बाकावरच्या आणखी तीन बायांनी मयूरकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "लोकांना काय सांगू मी?"

"सांग, बॅनरवरची जाईल तवा जाईल. मी महिनाभर थांबून मेलं असतं तर कंचा फोटो लावला असतास?"

मयूर बाकाच्या टोकाला बसला. आत नाव पुकारलं तेव्हा त्याने आईच्या हातातली बाटली घेतली, आणि ती बाहेर येईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः गाडी काढू लागला. गाडीच्या काचेवर मागे 'दादा' लिहिलेलं आहे. घोडबंदरच्या कोंडीने त्याची दखल घेतली नाही.

आतून द्यायची किरणंही झाली. ती भुलीखाली झाली, आणि त्याबद्दल बायजाबाई कोणाशी फार बोलल्या नाहीत. मग काही महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं, स्कॅन काढले, आणि म्हणाल्या, "आजार दिसत नाहीये. तपासायला येत राहायचं, पण आज दिसत नाहीये."

मयूरने बाहेर येऊन मितेशला फोन लावला. 'प्रोटॉन उपचार यशस्वी' असा मजकूर तयारच होता.

"लाव," बायजाबाई म्हणाल्या. "पन प्रोटॉन नको. काय झालतं ते लिव, आन कुठं झालतं ते लिव. बाया वाचतील, एखादी लवकर जाईल."

मितेशने सबंध संध्याकाळ खर्ची घातली. 'पोटाच्या खालील भागाच्या' इथपर्यंत तो आला, आणि एकवीस मित्रांनी आपापले फोटो त्यावरून काढून टाकायला सांगितले. बॅनर लागला नाही. त्याऐवजी बायजाबाईंनी पुढच्या हळदीत, डीजे थांबला तेवढ्या वेळात, कलावतीला आणि बाकीच्या बायकांना सगळं सांगितलं, जागेसकट. करिश्मा त्यातल्या पाच जणींना तपासायला घेऊन गेली, 'दादा' लिहिलेल्या गाडीतून.

जुना बॅनर अजून आहे. चेहरे उडाले, नथ शाबूत आहे. परवा सहदेव रस्त्यात भेटला.

"काकू, बहीण आली का परत?"

"गेलीच नाय रं ती," बायजाबाई म्हणाल्या. "हितंच उभी हाय."