झाकलेला पिंजरा

मलेशियातली नोकरी ठरली तेव्हा आईनं एकच अट घातली, मांजर सोबत न्यायचं. बारामतीला कॉलेजात असताना मी खोलीवर सांभाळलेलं ते पिवळं मांजर पुढे गावी, अंथुर्ण्याला घरी आलं आणि आईच्या पायापायात राहू लागलं. त्याची सवय माझ्यापेक्षा तिलाच जास्त. तरी म्हणाली, "तितं बोलायला कोन हाय तुला? ने."

लसी झाल्या, कागद झाले. निघायच्या सकाळी आईनं पिंजऱ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला.

"वाट दिसली की मांजर माघारी येतं. कारखान्यावर सोडल्याला बोका तिसऱ्या दिवशी दारात हुता. इसरलीस व्हय?"

"आई, मधी समुद्र हाय."

"आसू दे. शिकल्याली हायेस, पर मांजराचं तुला काय कळतंय? तू खिडकीला बस. गाडी लागती तुला."

लासुर्णे गेलं, कालवा गेला. बारामतीत कॉलेजचं फाटक आलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्या फाटकानं मला काय दिलं ते नीट सांगता येणार नाही. दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. मांडीवर लुगड्याखाली मांजर गप्प होतं.

इथं आल्यावर आठवडाभर ते पलंगाखालून निघालं नाही. जगतंय की नाही अशी भीती वाटली. मग एका दुपारी पाऊस चालू असताना आपणहून बाहेर आलं आणि गॅलरीत जाऊन बसलं. आता शेजारच्या बाईंनी त्यांच्या भाषेत हाक मारली की पळत जातं, मासे खाऊन येतं. मी पिठाचं दुकान शोधून ज्वारीची भाकरी केली, दुधात कुस्करून पुढं ठेवली. हुंगलं आणि निघून गेलं. वाटी धुऊन ठेवली.

माझा दिवस प्रयोगशाळेत माती तपासण्यात जातो. काम चांगलं आहे, माणसंही सौजन्यानं वागतात. पण रविवारी सबंध दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. राहावं की सोडून जावं, हे ठरत नव्हतं. परतीच्या तिकिटाचं पान मोबाईलवर उघडायचं आणि मिटायचं, असं चाललं होतं.

गेल्या रविवारी आईचा फोन आला.

"रुळलं का गं ते?"

"रुळलं. शेजारनीकडं मासं खातंय."

"मग! झाकलं हुतं म्हनून." आई खूश झाली. मग म्हणाली, "आन् तू?"

"मी बी."

"जेवलीस का?"

"व्हय."

फोन ठेवला आणि तिकिटाचं पान पुन्हा उघडलं. मांजर गॅलरीच्या दाराशी, आतल्या बाजूला, अंग सैल सोडून झोपलं होतं. अंथुर्णे गाव कुठल्या बाजूला आहे, त्याला ठाऊक नाही. मला मात्र आईनंच खिडकीला बसवलं होतं. वाट सगळी पाठ आहे, ती कुठं जात नाही, असं स्वतःला सांगत मी पान मिटलं आणि पावसाचे थेंब आत यायला लागले म्हणून गॅलरीचं दार ओढून घेतलं.