रंग उठत नाही

साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाचं मन डळमळायला लागलं, की विकणारी मुलगी पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून उभी राहते. निम्मा माल त्या खांद्यावरच खपतो. बी.ए. झाल्यावर मी अमरावतीच्या ज्या दुकानात लागले, तिथल्या शेठनं पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तू वर गोडाऊनमंदी बस, घड्या घालाले. तुह्या अंगावर रंग उठत नाई." आज अजून बोहनी झाली नाही असं सांगावं, तितक्या सहज तो हे बोलला.

मी मेळघाटातली, कोरकू. आमच्या गावात सगळेच माझ्या रंगाचे, त्यामुळे आपण काळ्या आहोत हे मला अमरावतीत येऊनच कळलं. दुकानात माझं नाव कोणी घेत नसे. "ए मेळघाट, राणी कलरच्या दोन-चार आण खाली." पहिले काही दिवस मला राग यायचा. मग मी ओ द्यायला लागले.

खाली काउंटरवरच्या मुली शिक्षणानं माझ्यापेक्षा काही मोठ्या नव्हत्या. सगळ्यात जास्त पगाराची, भातकुलीकडची, तर बारावीला अडकलेली. पण गोरी. त्यांना पगार जास्त आणि विकलेल्या साडीमागे कमिशन वेगळं. माझा पगार त्यांच्या निम्म्याहून जरासा वर. नेमका आकडा मी माझ्या धाकट्या बहिणीलाही सांगितला नव्हता. कमी देणाऱ्याला वाटायची ती लाज घेणाऱ्याला का वाटते, हे मला अजून उमगलेलं नाही.

एकदा धीर करून विचारलं, "शेठ, मी पण दिवसभरच राबून राहिली ना. मंग पगारात एवढा फरक काहून?"

"अवं, तुमच्या तिकडं मजुरी किती भेटते? त्याच्यापेक्षा तं जास्तच देऊन राहिलो ना मी तुले."

खरंच जास्त देत होता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत मी वर जाऊन घड्या घालत बसले. पण काउंटर मला हवाच होता. बहीण अमरावतीतच नर्सिंग शिकत होती, आमच्या खोलीचं भाडं आणि तिची फी माझ्यावर होती. गोडाऊनच्या पगारात तिचं पुढचं वर्ष निघणार नव्हतं.

मग लग्नसराईत अकोल्याचं एक कुटुंब बस्त्यासाठी आलं. नवरी अगदी माझ्या रंगाची. काउंटरवरच्या मुली एकेक पदर खांद्यावर टाकून दाखवत होत्या आणि ती नुसतीच मान हलवत होती. मी वरून गठ्ठा घेऊन उतरले, तशी ती म्हणाली, "ह्या ताईच्या अंगावर टाका ना. माह्यासारख्या आहेत त्या." मुली हसल्या. शेठही हसला, पण गिऱ्हाईक मोठं होतं. मी मोरपंखी पदर खांद्यावर घेऊन उभी राहिले. नवरीच्या भावानं मोबाईलवर माझा व्हिडिओ काढून नवऱ्याच्या घरी पाठवला. समोरच्या आरशात मी दिसत होते. सुंदर दिसत होते. अख्खा बस्ता त्या घरानं माझ्या खांद्यावरून नेला.

तेव्हापासून सावळं गिऱ्हाईक आलं की खालून हाक यायची, "मेळघाट, खाली ये." मी धावत उतरायची, पदर दाखवायची, साडी खपवायची आणि परत वर जायची. कमिशन काउंटरच्या मुलीच्या नावावर लागायचं. मी विचारलं, तर शेठ म्हणाला, "तू तं वरची आहे ना. गिऱ्हाईक सांभाळता येऊ दे, मंग पाहू."

मग मी गिऱ्हाईक सांभाळायला शिकले.

उन्हाळा संपता संपता धारणीकडच्या मायलेकी आल्या. आपसात कोरकूत कुजबुजत होत्या. मला हाक आली. मुलगी आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. तिला पहिल्या दिवशी नेसायला लिंबू रंगाची साडी हवी होती, आणि तिनं ती निवडलीही होती. शेठनं गादीवरूनच मला डोळ्यानं खुणावलं. जांभळ्या साड्यांचा एक जुना लॉट कधीचा पडून होता, तो काढायचा होता.

मी जांभळी पुढे केली. मुलगी लिंबू सोडेना. तिनं पदर खांद्यावर घेतला होता आणि तो तिला छान दिसत होता, हे मी स्वच्छ पाहत होते. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत विचारलं, तू आपली आहेस, तूच खरं सांग.

मी मराठीत उत्तर दिलं. "बाई, लिंबू रंग आपल्यासारख्यांवर उठत नाही."

मुलीनं लगेच पदर खाली काढला. भातकुलीकडची असं म्हणाली असती, तर ती कदाचित भांडली असती. माझ्याशी काय भांडणार? दोघींनी जांभळी घेतली, आणि जाताना आईनं माझ्या दंडावर मायेनं हात फिरवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आम्ही तर जंगलातली माणसं, ही म्हण मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेठ गादीवरून सगळं ऐकत होता. "आता तुले धंदा समजला," तो म्हणाला. "उद्यापासून काउंटरवर राय." पगार वाढवला आणि त्या जांभळ्या साडीचं कमिशनही माझ्याच नावावर लावलं.

मी नको म्हणाले नाही. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर बहिणीला काउंटर मिळाल्याचं सांगितलं. तिनं मला मिठीच मारली. पुढच्या वर्षाच्या फीची काळजी तिलाही होती, फक्त बोलत नव्हती. म्हणाली, "पाह्य, शेवटी पटलंच ना त्याले, आपल्या रंगाचं काई नसते म्हणून."

मी हो म्हणाले.