मागची दोन छोटी चाकं

कारखान्यात त्याला सगळे पणसाहेब म्हणत. कुणी काहीही सुचवलं की हा गृहस्थ आधी मान डोलावणार, "बरोबर आहे" म्हणणार, आणि मग चष्मा वर सरकवून म्हणणार, "पण..." त्या पणच्या पुढे काय येईल याचा नेम नसे, समोरच्याचा चहा मात्र हमखास गार होई.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता, कामच तसं होतं. व्हीलचेअर बनवणारा लहानसा कारखाना, आणि हा तिथला आराखडे काढणारा. खुर्ची हलकी करायची तर नळी पातळ घ्यावी लागते, आणि पातळ नळी खड्ड्यात वाकते. दणकट करावी तर बसणाऱ्याचा जीव ती ढकलण्यातच जातो. सगळ्यात नाजूक मामला मोठ्या चाकांच्या एक्सलचा, म्हणजे आसाचा. तो पुढे घेतला तर खुर्ची बोटाच्या इशाऱ्यावर पळते, आणि जरा चढ लागला की मागे कलंडते. मागे घेतला तर कलंडत नाही, पण चाक ढकलायला दर वेळी हात पाठीमागे न्यावे लागतात आणि खांदे कामातून जातात. आखूड पांघरूणच ते, डोकं झाकलं की पाय उघडे. बाकीचे लोक हे मान्य करून घरी जात आणि जेवत. पणसाहेब घास हातात धरून भिंतीकडे बघत बसे, आणि बायको विचारी, "तुमची खुर्ची जेवली का?"

त्यातून या वेळची खुर्ची ताईची होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. राहायची त्याच्याच घरी, रस्त्यापलीकडच्या शाळेत गणित शिकवायची, आणि जिभेने भलतीच तिखट. कॉलेजात असताना ती घराच्या जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. पडल्याचा आवाज पलीकडच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या धाकट्या भावाने, म्हणजे यानेच, ऐकला होता. पुढे इतकी वर्षं जड खुर्ची ढकलून तिचे खांदे झिजले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खांदे गेले तर पलंगावरून खुर्चीतसुद्धा कुणी उचलून ठेवल्याशिवाय येता येणार नाही. ते ऐकून कारखान्याच्या मालकीणबाईंनी ठरवून टाकलं. नव्या हलक्या खुर्च्यांमधली पहिली ताईला द्यायची. ती वापरून बघेल, ठीक म्हणेल, मगच साचा पक्का करायचा.

एका पारड्यात ताईचे खांदे आणि दुसऱ्यात ताईचं डोकं. पणसाहेबाची भूक गेली. एक्सल पुढे घेऊन आराखडा काढला की त्याला जिन्यातला तो आवाज ऐकू येई. खोडून मागे घेतला की तिचं रात्री कुशीवर वळताना कण्हणं आठवे. शेवटी भीतीने बाजी मारली. त्याने एक्सल मागे घेतला, आणि तेवढ्यावरही मन भरेना म्हणून खुर्चीच्या पाठीमागे, जमिनीला जेमतेम न टेकणारी दोन छोटी चाकं बसवली. खुर्ची मागे झुकू लागलीच तर ती टेकून तिला सावरणार.

"इतकी खाली कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वर घेतली तर ती टेकेपर्यंत खुर्ची अर्धी कलंडलेली असते."

"बसून बघितलंत?"

बघितलं होतं. ज्याने आराखडा काढला त्याने दिवसभर त्या खुर्चीत बसूनच वावरायचं, असा तिथला नियमच होता. पणसाहेब दिवसभर बसला, कारखान्यातल्या उतारावरून वरखाली करून आला, आणि खुर्ची घरी घेऊन गेला. ताईने हात फिरवला, म्हणाली, "हलकी आहे रे," आणि इतकी खूश झाली की एक्सल कुठे आहे हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला निघाली. हा चप्पल शोधण्याच्या मिषाने दारात उभा. ती फूटपाथवरून गेली, कोपऱ्यावरच्या उतारावरून रस्त्याकडे उतरली, आणि थांबली. तिचे हात चाकांवर फिरत होते, मोठी चाकंही फिरत होती, खुर्ची जागची हलत नव्हती.

त्याला कळायला क्षणभर लागलं. उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथे पाणी जायला खोलगट खाच होती. पुढची चाकं खाच ओलांडून रस्त्यावर चढली होती आणि मागची दोन छोटी चाकं उतारावर टेकली होती. मधली मोठी चाकं अधांतरी लटकून नुसतीच गरगरत होती. कोपऱ्यावरून एक टेम्पो वळत होता.

तो अनवाणी धावला. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बाईंना एकटं सोडता कशाला?" लोक जमले. कुणीतरी "बिचारी" म्हणालं. दोघा-तिघांनी खुर्ची उचलून पलीकडे नेली आणि शाळेच्या फाटकापर्यंत ढकलत पोचवली. आजवर ताईने कुणाला आपल्या खुर्चीला हात लावू दिला नव्हता. ती सरळ समोर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी तिने त्याला खोलीत बोलावलं.

"कारखान्यातल्या उतारावर हे झालं नाही?"

"तो आम्ही केलेला आहे. खाली पत्रा वाकवून गुळगुळीत केलाय, धक्का बसू नये म्हणून."

"आणि तू बसलास तेव्हा खुर्ची मागे झुकली की काय करत होतास?"

खुर्ची जरा झुकली की त्याचे पाय आपोआप जमिनीवर टेकत होते. दिवसभर टेकत होते. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"पडण्याचं मला सांगू नकोस," ताई म्हणाली. "पडले तर लागेल, बरं होईल. आज मी पडले नाही, नुसती टांगून राहिले. हातात चाक असून काही करता येत नव्हतं. मी पडू नये म्हणून केलंस हे, की तुला बघावं लागू नये म्हणून?"

"ताई, मला भीती वाटते गं."

"ठाऊक आहे. पण ती माझ्या खुर्चीला नटबोल्टने कसली जायला नको होती."

त्याने नवी पट्टी केली, एका ओळीत भोकं असलेली, म्हणजे एक्सल हवा तसा पुढेमागे बसवता यावा. छोटी चाकं वर दुमडतील अशी केली. पट्टीने खुर्चीचं वजन वाढलं, आणि लोक भलतंच भोक निवडतील ही धास्ती वेगळीच. मालकीणबाई म्हणाल्या, "निवडू देत. खुर्ची त्यांची आहे."

ताई कारखान्यात आली. त्याने मधलं भोक दाखवलं. तिने सगळ्यात पुढच्यावर बोट ठेवलं.

"ते नको, ताई."

"कस."

त्याने नट कसला. जमिनीवर गादी पसरली होती. ताईने छोटी चाकं वर दुमडायला लावली, खुर्ची गादीकडे पाठ करून उभी केली, चाकांना झटका दिला, पुढची चाकं वर उचलली गेली, आणि ती पाठीमागे गादीवर आपटली. मालकीणबाईंनी त्याचा दंड धरला, नाहीतर तो धावला असता.

ताई छताकडे बघत तशीच पडून राहिली. मग शांतपणे म्हणाली, "एक भोक मागे घे."

तिने आणखी किती वेळा पडून बघितलं ते त्याने मोजलं नाही. नट कसायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम होतं, आणि एवढं अवघड काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती निघाली. खाच आली तेव्हा तिने पुढची चाकं अलगद उचलली, रस्त्यावर टेकवली आणि एका रेट्यात पलीकडे गेली. पुढे शाळेकडचं वळण होतं. तिथे चढ होता. ती वळली आणि दिसेनाशी झाली.

"पोचल्यावर फोन करशील?" असं त्याने सकाळी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नाही." तो दारात उभा राहिला. बायको आतून म्हणाली, "चहा गार होतोय." तो आत आला, बसला, आणि चहा प्यायला लागला.