पासंगरावांची दुसरी बाटली

सगळा बाजार त्यांना पासंगराव म्हणायचा. तोंडावर साहेब, पाठ फिरली की पासंगराव. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो खडा किंवा तारेचा तुकडा अडकवतात तो पासंग, आणि हा गृहस्थ तो नेमका कुठे लपवलाय हे हुडकण्यात तेहतीस वर्षं घालवून निवृत्त झालेला. वजनमापे तपासनीस. पारड्याच्या तळाला फासलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, तेलाच्या मापाचा वर दाबलेला तळ, सगळं त्यांनी पाहिलं होतं. ते गल्लीत शिरले की दुकानदारांना एकामागून एक खोकला यायचा आणि तो खोकला त्यांच्या आधी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा.

नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त होईना. साबणाच्या वडीवर छापलेलं वजन ते अजूनही घरच्या काट्यावर ताडून पाहत. न्हाव्यानं केस लवकर कापले तरी त्यांना कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटे. बायकोला त्याची सवय झाली होती. ती घरीच शाळेचे गणवेश शिवायची, आणि नवरा सुताच्या रिळावरचा दोरा मोजायला बसला की मशीन जरा जोरात चालवायची.

अशा माणसाला एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की तुमच्या किडन्या गळतायत.

झालं होतं असं, की लघवीला फेस यायला लागला आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसायला लागल्या. मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पाठीतून सुई घालून किडनीचा कणभर तुकडा काढला, तपासला, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "शरीरात पहारेकरी असतात. बाहेरचा चोर आला की त्याला बडवायचं हे त्यांचं काम. तुमचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतायत. किडनीला बडवतायत. म्हणून रक्तातली प्रथिनं लघवीत गळतात. या गोळ्या त्यांना आवरतील. आत्ता वेळेवर घेतल्यात तर किडन्या वाचतील. टाळाटाळ केलीत तर वर्षभरात मशीनवर रक्त धुवायची पाळी येईल."

गोळी पांढरी, बोटाच्या नखापेक्षा लहान. रोज सकाळी आठ घ्यायच्या. पासंगरावांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. इतक्या मोठ्या आजाराला एवढीशी गोळी, आणि तीही एकदम आठ?

त्यांनी आपल्या पद्धतीनं चौकशी सुरू केली. त्या इस्पितळात बुधवारी एकाच लांबलचक बोळात तीन दारं उघडायची: एक किडनीचं, एक सांध्यांचं, एक हार्मोनचं. मधल्या बाकांवर सगळे रोगी मिसळून बसायचे. पासंगराव मुद्दाम दोन तास आधी जायचे आणि दर वेळी नवा शेजार धरायचे. सांध्यांच्या दारावरच्या एका सुताराची बोटं सुजून मिटेनाशी झाली होती. त्याच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं. पासंगरावांनी मान तिरकी करून नाव वाचलं. तेच!

"तुम्हालाही किडनी आहे का?" त्यांनी विचारलं.

"किडनी सगळ्यांनाच असते हो," सुतार म्हणाला. "मला सांधे आहेत."

"आणि गोळी हीच?"

"हीच. सूज उतरली बघा. रंधा धरता येतो आता."

माझ्या पहारेकऱ्यांनी सांधे बडवले म्हणे, हे सुताराचं पुढचं वाक्य पासंगरावांच्या कानात शिरलंच नाही. आजार दोन आणि गोळी एक. पलीकडे हार्मोनच्या दारावर बसलेल्या एका शिक्षिकेनं सांगितलं की तिला थायरॉईडची गोळी रोज उपाशीपोटी घ्यावी लागते, आणि जन्मभर. "जन्मभर?" पासंगरावांनी दोनदा विचारलं. वा! असं कायमचं गिऱ्हाईक बाजारातल्या एकाही व्यापाऱ्याला कधी साधलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी गोळ्यांची पाकिटं बटणांच्या रिकाम्या डब्यात टाकली, डबा कपाटावर ठेवला आणि एकही गोळी न घेता बायकोला सांगितलं, "घेतल्या." तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी तपासणी केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "फरक नाही. नेमानं घेताय ना?"

"अगदी वेळेवर," पासंगराव म्हणाले. तेहतीस वर्षं लबाड माणसांचे चेहरे वाचलेले असल्यामुळे स्वतःचा चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना उत्तम जमायचं.

"मग आणखी एक कडक औषध जोडावं लागेल. पण आधी पुन्हा एकदा लघवी तपासू. खालच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, पुढच्या बुधवारी या."

आणखी एक औषध! त्या रात्री पासंगरावांना झोप आली नाही असं म्हणवत नाही, कारण ते मजेत झोपले. त्यांना उपाय सापडला होता. खात्यात असताना ते एक सापळा लावायचे. स्वतः आधी मोजलेली वस्तू पिशवीत घालून अनोळखी माणसाकरवी दुकानात पाठवायची आणि तीच परत मोजून मागायची. वस्तूचं खरं वजन आपल्याला ठाऊक. दुकानदाराच्या काट्यानं दुसरं काही दाखवलं की सापडला. हीच प्रयोगशाळा आपल्या जुन्या कागदावरून नवा कागद छापत असेल तर? आपल्या नावानं दुसऱ्याच, धडधाकट माणसाची लघवी द्यायची. अहवाल चांगला आला तर काटा खरा. वाईट आला तर रंगेहाथ पकडले.

धडधाकट माणूस घरातच होतं.

"अगं, तुझाही नमुना लागतो म्हणे," त्यांनी सकाळी बायकोला सांगितलं. "घरातल्या निरोगी माणसाचा. तुलनेसाठी."

"लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली," ती मशीनवरून न उठता म्हणाली, "निरोगी पहिल्यांदाच म्हणालात. आणखी काय काय मोजणार आहात माझं?"

पण तिनं बाटली भरून दिली. पासंगरावांनी दोन बाटल्या टेबलावर समोरासमोर ठेवल्या. बायकोच्या बाटलीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी, स्वतःच्या बाटलीवर बायकोच्या नावाची. झाकणावरून कागदाची पट्टी, दोन्ही टोकांना सही, अर्धी कागदावर आणि अर्धी बाटलीवर. म्हणजे वाटेत कुणी हात घातला तर सही जुळणार नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या माणसानं त्या सह्या पाहिल्या आणि विचारलं, "काका, आत दागिने आहेत का?"

"माझ्यासमोर फोडा, आणि नंबर माझ्यासमोर टाका," पासंगराव म्हणाले. त्यानं तसं केलं. कारण मागे रांग होती.

मंगळवारी दोन्ही अहवाल हातात आले. पासंगरावांनी जिन्यातच उभं राहून आपल्या नावाचा कागद उघडला. प्रथिनं: भरपूर. त्यांना इतका आनंद झाला की कठड्याला धरावं लागलं. बायकोची लघवी, आणि आजार माझा! दुसरा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. चोर हातात असताना दुकानातला बाकीचा माल कोण बघत बसतो?

बुधवारी ते डॉक्टरबाईंच्या समोर बसले तेव्हा त्यांनी ठेवणीतला कोट घातला होता.

"हा माझा अहवाल," त्यांनी कागद सरकवला. "वाचा."

डॉक्टरबाईंनी वाचला. "प्रथिनं आहेतच. पण हे काय? यात रक्ताच्या पेशीही दिसतायत. तुमच्यात आधी कधीच नव्हत्या."

"नसणारच," पासंगराव पुढे झुकले. "कारण ती लघवी माझी नाहीच. माझ्या बायकोची आहे. तिला आयुष्यात साधी शिंक आलेली नाही. तुमच्या प्रयोगशाळेनं जुना कागद बघून नवा छापलाय. आता बोला!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. पासंगरावांनी ही खूण ओळखली. पकडलेला दुकानदार असाच हातातलं माप खाली ठेवतो. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणि तुमची लघवी?"

"ती बायकोच्या नावानं दिली."

"तिचा अहवाल आहे?"

पासंगरावांनी खिशातला कागद काढून दिला. डॉक्टरबाईंनी तो पहिल्या कागदाशेजारी ठेवला आणि दोन्ही त्यांच्याकडे वळवले. दुसऱ्यावरही प्रथिनं होती, पेशी नव्हत्या. पासंगरावांचे आकडे, गेल्या वेळेला होते जवळजवळ तसेच.

"तुमच्या पत्नी इथे आधी कधी आल्या होत्या?"

"कधीच नाही."

"म्हणजे त्यांच्या नावाचा जुना कागद इथे नाही. मग हा कुठून बघून छापला?"

पासंगरावांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग पळवाट शोधायला सुरुवात केली, कारण दुकानदार कसे सुटतात हे त्यांना पाठ होतं. बाटल्यांची अदलाबदल? पट्टी त्यांची, सही त्यांची, फोडली त्यांच्या समोर, नंबर टाकला त्यांच्या समोर. त्यांनी एकही फट ठेवली नव्हती. दुसऱ्या कुणाला फसवायला जागा राहू नये म्हणून केलेला बंदोबस्त आता त्यांनाच बाहेर पडू देत नव्हता.

आणि मग त्यांना ते कळलं. खात्यातला अगदी पहिला नियम. ज्या वजनानं दुसऱ्याचं वजन तपासायचं, ते आधी स्वतः तपासून घ्यायचं. दर वर्षी, चुकता कामा नये. नव्या पोरांना ते हे बजावून सांगायचे. बायकोला त्यांनी कधी तपासलं नव्हतं. ती ठणठणीत आहे हे ते धरूनच चालले होते, दर वर्षी.

"रक्तदाब मोजलाय कधी त्यांचा?" डॉक्टरबाई विचारत होत्या.

"नाही."

"सकाळी चेहरा सुजतो? पाय सुजतात? थकतात? सांधे दुखतात?"

"थकते... म्हणते कधीकधी." कोण थकत नाही, असं आपण त्यावर म्हणतो, हे त्यांनी सांगितलं नाही. "बाकी माहीत नाही."

"आजच घेऊन या. एकच्या आत. एवढ्यावरून घाबरवत नाही, पण रक्त गळतंय तर थांबायचं नाही." मग जरा थांबून, "आणि तुम्ही गोळ्या घेत नाही आहात. हो ना?"

पासंगरावांनी दोन्ही कागद उचलून त्यांची घडी घातली. डॉक्टरबाईंना तेवढं उत्तर पुरेसं होतं.

घरी बायको गणवेशाच्या कॉलरला टाचण्या लावत होती. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं: चिठ्ठ्या बदलल्या, तुझ्या बाटलीत निघालं, चल, एकच्या आत पोचायचंय. तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"मी नाही येणार."

"अगं, रक्त गळतंय तुझं!"

"असं ते म्हणतात. तुम्हीच सांगता ना, तिथे सगळ्यांना एकच गोळी देतात. एकदा दारात पाय टाकला की जन्मभराचं गिऱ्हाईक. आता बायकोही आणा म्हणाले. बघा, घरातलं दुसरं माणूसही लागलं गळाला."

ते त्यांचेच शब्द होते, आणि सूरही त्यांचाच. पासंगराव खुर्चीवर बसले.

"त्या डॉक्टरीणबाई खऱ्या आहेत," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात कुठल्याही माणसाबद्दल म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा चोरट्यासारखं बाहेर पडलं.

बायकोनं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला काय दिलं त्यांनी, असं बोलायला?"

"काही नाही गं. मी खरं सांगतोय."

"मग गोळ्या का घेतल्या नाहीत?"

"तुला कसं..."

"बटणं कुठे ठेवायची मी? डबा उघडला त्याच दिवशी कळलं." तिनं टाचण्या उशीत खोचल्या. "मी म्हटलं, हा माणूस मिठाची पुडीसुद्धा दोनदा मोजतो. तो घेत नाही म्हणजे त्यात खोटच असणार. जिवावर बेतलं असतं तर घेतल्या नसत्या का? म्हणून मीही गप्प बसले. मलाही फेस येतो."

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. त्यांना भयंकर भीती वाटत होती, आणि स्वतःचा असा राग आला होता जो त्यांना एकाही भामट्या दुकानदाराचा आला नव्हता.

तिनं कॉलर पुन्हा हातात घेतली. ते उठले, स्टुलावर चढून डबा काढला, टेबलावर आठ गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या नाहीत. पाण्याचा पेला भरला आणि एकेक करून सगळ्या गिळल्या. तोंडात कडू जहर चव पसरली.

"तोंड उघडा," बायको म्हणाली.

त्यांनी उघडलं. तिनं जीभ वर करायला लावली, गालाच्या आत बोट घालून पाहिलं. मग ती म्हणाली, "साडी बदलते."

पाच मिनिटांत ती दाराशी आली आणि तिथे ठेवलेल्या त्यांच्या जुन्या, रुंद चपलांमध्ये पाय सरकवू लागली. पासंगराव कुलूप हातात घेऊन बघत राहिले.

"त्या माझ्या आहेत," ते म्हणाले.

"माझ्या मला होत नाहीत आता," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यापासून ह्याच घालते. चला, एक वाजेल."