ऑरिनची माती, लिनोची बरणी

ऑरिन टेल्फरच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच लागली नाही. गाडी बाहेर धुक्यात, रेडवूडचा झडलेला पाला टपावर घेऊन उभी असायची. आत दिव्यांखाली, जाड फळ्यांच्या चार पेट्यांमध्ये गांजा. पेट्यांतली माती एकोणीस वर्षांची होती. पीक निघालं की ऑरिन झाड बुंध्याशी कापायचा, मुळं तशीच आत ठेवायचा आणि वरून गांडूळखत, समुद्रशेवाळ, खेकड्याच्या कवचांची भुकटी आणि जंगलातून आणलेला कुजका पाला पसरायचा. माती बदलायची नसते, तिला जगवायचं असतं, असं तो सांगायचा. पाहुणा आला की आधी मूठभर माती त्याच्या नाकाशी धरणार आणि मग कॉफीचं विचारणार. पाहुण्याला वास आवडला नाही तर कॉफी पातळ मिळायची.

ही विद्या त्याला दिली मार्गोने. बावीस वर्षांचा ऑरिन शहर सोडून हम्बोल्टच्या या टेकड्यांवर आला तेव्हा त्याला कुदळ कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. मार्गो त्याच्या दोन वर्षं आधी आलेली. तिने त्याला खताचा ढीग रचायला शिकवलं, ढिगात हात घालून ऊब ओळखायला शिकवलं. तीन वर्षं दोघं एका खोपटात राहिले, मग कडाकडा भांडून वेगळे झाले आणि पुढची पंचेचाळीस वर्षं भांडत भांडत मित्र राहिले. सरकारी हेलिकॉप्टरं गांजा शोधत टेकड्यांवर घिरट्या घालायला लागली तेव्हा सगळ्यांनी गांजा घरात आणला. घरात आणला म्हणजे बहुतेकांनी माती सोडली. कोण वाहून नेणार ती, शिवाय किडे, ओल. ऑरिनने मात्र बादल्या बादल्या करून माती आत नेली. मार्गो दारात उभी राहून मोजत होती आणि हसत होती.

रस्त्याच्या खालच्या अंगाला लिनो पाचेको. त्याचे आजोबा अझोरेस बेटांवरून गाई राखायला आले होते; दुधाचा धंदा बसला तेव्हा लिनोने गोठ्याला पांढरा रंग दिला आणि आत दिवे लावले. कायदा बदलल्यावर रीतसर परवाना काढला. त्याच्याकडे माती औषधालाही नव्हती. नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात झाडं, आणि भिंतीशी ओळीने द्रवखताच्या बाटल्या: अमुक आठवड्याला ही, तमुक आठवड्याला ती. पाण्यात क्षार किती ते मापायचं यंत्र त्याच्या खिशात असायचं. त्याचा माल दुकानात जायचा, म्हणून प्रत्येक खेप तपासणीला पाठवावी लागायची आणि बुरशी नाही, विष नाही, असा कागद यायचा. ऑरिन त्याला तोंडावर ‘मीठवाला’ म्हणायचा.

“काय मीठवाले, लोणचं मुरलं का?”

“तुझ्या उकिरड्यावर काय उगवलं ते दाखव आधी,” लिनो म्हणायचा. “माझ्या खोलीत चपला काढून यावं लागतं. तुझ्याकडे आलो की घरी जाऊन आंघोळ करतो.”

“कर, कर. अंगाला जरा जिवंत काही लागलं असेल तेवढंच तुझं नशीब.”

हे रोजचंच होतं, दोघांनाही आवडायचं. पण दरीतली सगळी माणसं मनातून ऑरिनच्या बाजूची होती. तिथे बाटलीतलं खत म्हणजे अर्धं पाप. जळलेल्या गांजाची राख पांढरी पडली की माल शुद्ध, काळी पडली की क्षार राहिलेत, असं लोक देवाच्या शपथेवर सांगायचे. लिनोची राखही पांढरीच पडायची. त्याकडे कुणी बघायचं नाही. लिनो सरळ माणूस. ईस्टरला गोड पाव भाजून घराघरांत नेऊन द्यायचा आणि त्याच घरांत त्याला ‘केमिकलवाला’ म्हणायचे, हे त्याला माहीत होतं.

मार्गोला रक्ताचा कर्करोग झाला ते त्या मातीचं एकोणिसावं वर्ष. उपचारांनी तिला अन्न जाईना. नर्सने सांगितलं, गांजाने मळमळ कमी होत असेल तर घ्या, पण घरचा नको. दुकानचा, तपासलेला, बंद डब्यातला. अंगातल्या पांढऱ्या पेशी संपल्यात. माती नको, खत नको, कुंडीसुद्धा घरात नको. स्वतःच्या बागेत जायला मार्गोला मनाई झाली. खिडकीतून ती वाफे बघत बसायची.

“नर्सला काय कळतंय,” ऑरिन म्हणाला. “माती कधी कुणाला बाधली?”

“बाधली नसेल,” मार्गो म्हणाली. “पण मला सध्या वाद घालायला ताकद नाही. मी लिनोला सांगितलंय. त्याच्या तपासलेल्या खेपेतली एक बरणी तो तुझ्याकडे देईल. गुरुवारी येशील तेव्हा घेऊन ये.”

ऑरिनला हे फार लागलं. जिने त्याला माती शिकवली तीच आता बाटलीतलं मागत होती. आजारपणात माणूस भ्यायलेलं असतं, पण म्हणून त्याच्या छातीत मीठ भरायचं? गुरुवारी लिनोने बरणी आणून दिली, झाकणावर चिकटपट्टी, सोबत तपासणीचा कागद. “तिला सांग, संपली की दुसरी देतो,” तो म्हणाला. “आणि वाटेत फुंकू नकोस, म्हाताऱ्या.”

ऑरिनने बरणी घरात नेली. चिकटपट्टी सोडवली, लिनोच्या गांजाची फुलं काढून कागदी पिशवीत घातली आणि आपल्या पेटीतली, सप्टेंबरात वाळवलेली, निवडक फुलं भरली. पट्टी पुन्हा नीट बसवली. यात चोरी आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. उलट गाडी चालवताना त्याला बरं वाटत होतं. घाबरलेल्या माणसाला आपण गुपचूप चांगलं अन्न देतो आहोत, असंच त्याला वाटलं. माणूस स्वतःच्या खरेपणावर इतका खूश झाला की त्याला कसं आवरावं, मला कळत नाही.

मार्गोने बरणी उघडली, वास घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि पाइप भरला. त्या संध्याकाळी ती वाडगाभर सूप प्यायली. ऑरिन शीळ घालत घरी आला.

अकराव्या दिवशी तिला ताप चढला. युरेका शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात बुरशी धरली आहे. कुजणाऱ्या पाल्यात, खतात असते तसली. धडधाकट माणूस ती रोज हुंगतो आणि त्याला काही होत नाही. हिच्याकडे लढायला काही उरलेलं नाही. कशातून आली ते नक्की सांगता येणार नाही, पण तुम्ही काही ओढत होतात का? मार्गोने मान डोलावली. “मित्राने दिलेलं,” एवढंच म्हणाली.

ऑरिन पलंगाशेजारी होता. ज्या जिवंतपणाची तो एकोणीस वर्षं बढाई मारत होता, तोच जिवंतपणा बरणीत गेला होता. त्याने काय केलं? तो मार्गोच्या घरी गेला, पसारा आवरायचं निमित्त करून, आणि उरलेली फुलं चुलीत घालून बरणी कढत पाण्याने धुतली. दोनदा धुतली.

दुसऱ्या दिवशी लिनो ऑरिनच्या दारात आला. चेहरा उतरलेला.

“लोक म्हणतायत माझ्या मालानं झालं. बरणी कुठाय? मी तपासायला पाठवतो. खोटं असेल तर कळेल, खरं असेल तरी कळेल.”

“धुतली मी,” ऑरिन म्हणाला. “घर आवरताना.”

“धुतलीस?” लिनो तिथेच पायरीवर बसला. “कागद तर चांगला आला होता रे. तपासणारेच चुकले असतील का?”

तेव्हा सांगता आलं असतं. ऑरिनने तोंड उघडलं आणि म्हणाला, “कॉफी घेणार?”

दरीतल्या लोकांना आयतंच सापडलं. केमिकल शेवटी केमिकलच, असं किराणा दुकानात, पोस्टात, शनिवारी हॉलमध्ये जमून जेवताना बोललं जायचं. बुरशी बाटलीत होत नाही, खतात होते, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना चांगलं ठाऊक होतं; पण सोयीचं असलं की माणूस विचार करायचं थांबतो. लिनो हॉलमध्ये यायचा बंद झाला. ऑरिन जात राहिला. त्याच्यासमोर बोलणं निघायचं तेव्हा तो ताटात बघायचा.

हॉस्पिटलात तो एक दिवसाआड जायचा. दर वेळी ठरवून जायचा की आज सांगायचं. “मार्गो, तुला एक...” असं त्याने डिसेंबरात एकदा सुरूही केलं. ती नळ्यांतून हळूच म्हणाली, “गांडुळं कशी आहेत? थंडीत पेट्यांवर गवत घातलंस का?” तो गवताबद्दल सांगत बसला. सुटलो, असं त्याला वाटलं. या वाटण्याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. जानेवारीच्या शेवटी मार्गो गेली.

मार्चमध्ये एका सकाळी लिनो हातगाडी ढकलत चढ चढून आला. गाडीत चार रिकाम्या बादल्या.

“खोली बंद केली मी,” तो म्हणाला. “बाटल्या टाकल्या. परवानाही परत करणार. पण हात रिकामे राहवत नाहीत. घरापुरती चार झाडं लावीन म्हणतो, तुझ्यासारखी. मला तुझी माती दे थोडी, विरजणाला म्हणून. आणि शिकव. इतकी वर्षं मी तुला हसलो, आता तू हस.”

ऑरिन फावडं घेऊन पेटीपाशी गेला. पहिली बादली त्याने अर्धी भरली. मग त्याला पुढचं फावडं उचलता येईना.

“लिनो, ही नको नेऊस.”

“अजून मनात ठेवलंयस होय? देऊ नको मग, राहिलं.”

“तसं नाही. बरणीत तुझा माल नव्हता. मी काढून ठेवला. हा भरला होता. या पेटीतला. तिला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून बरणी धुतली.”

दिव्यांचे पंखे घरघरत होते. लिनोने ओरडावं, फावडं हिसकावून मारावं, असं ऑरिनला वाटत होतं.

“तिचा फोन आला होता मला,” लिनो म्हणाला. “हॉस्पिटलातून, नाताळाच्या आधी. म्हणाली, लिनो, तुझ्या मालानं मला काही झालेलं नाही, जिवाला लावून घेऊ नकोस. मी विचारलं, तुला काय माहीत? तर म्हणाली, मला माहीत आहे, आणि आता आणखी विचारू नकोस. मला वाटलं, मरणारं माणूस माझी समजूत घालतंय.”

ऑरिन पेटीच्या कडेवर बसला. चाळीसहून जास्त वर्षं ती त्याच्याच हातचा गांजा ओढत आली होती. झाकण उघडलं त्याच क्षणी तिला कळलं असणार. त्या दिवशीचं तिचं बघणं त्याला आता उमगलं, आणि ते गांडुळांचं विचारणंही.

“कळलं होतं तर ओढला कशाला?” तो म्हणाला. “नर्सने सांगितलेलं तिने ऐकलं होतं. माझ्या अंगावर फेकायचा होता.”

लिनोने अर्धी भरलेली बादली उचलली, माती परत पेटीत ओतली आणि बादली गाडीत ठेवली.

“शनिवारी हॉलमध्ये सगळे असतील. तिथे उभं राहून सांग.”

“सांगतो.”

“आणि कशाला ओढला ते मला विचारू नकोस,” लिनो म्हणाला. “तू नेला होतास म्हणून ओढला.” मग त्याने गाडी वळवली आणि तो उताराला लागला.