तलावाकाठी नेलेल्या खुर्च्या

रेमेईच्या पाठीत मीठ साठलं होतं. ती स्वतःच तसं म्हणायची. समुद्रकाठच्या गावात तिचं उभं आयुष्य मासळी खारवण्यात गेलं. बोटाएवढ्या मासळीची मुंडकी चिमटीनं मोडायची, पिंपात मासळीचा थर, त्यावर मिठाचा थर, आणि पिंप काठापर्यंत येईतो वाकलेलं राहायचं. दुपारच्या सुट्टीत सगळ्या बाया खडकांवर जायच्या, मिठानं ताठ झालेले कपडे दगडावर टाकून उघड्या छातीनं पाण्यात उतरायच्या. तेव्हा देशाचा हुकूमशहा नुकताच मेला होता, त्याच्या काळची बंधनं अजून पुरती सुटली नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात पोलीस शिट्ट्या फुंकत धावून आले. पुढच्या उन्हाळ्यात चालत आले. मग त्यांनी येणं सोडलं. तेव्हापासून पोहताना रेमेईनं छातीवर कापड घेतलं नाही. छाती झाकावी का, हा प्रश्न तिच्या नवऱ्याला स्वतःबद्दल कधी पडला नव्हता, तसा तिलाही पडला नाही.

नवरा गेल्यावर ती त्याच्या गावी, आमच्या व्हालफ्रेदाला राहायला आली. माझ्या समोरचंच घर. इथे डोंगर आहेत, बदामाची झाडं आहेत, समुद्र नाही. गावाच्या टोकाला नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव आहे तेवढाच. दुपारची झोप झाली की रेमेई भिंतीला हात लावत उतारावरून तिकडे जायची आणि येताना सरळ चालत यायची. "बाहेर मी प्रश्नचिन्ह असते," ती मला म्हणाली होती, "पाण्यात उभी रेघ होते."

त्या उन्हाळ्यात तलावाच्या फाटकावर पाटी लागली. स्त्रियांनी छाती झाकलीच पाहिजे. शहरातून सुट्टीला आलेल्या कुणीतरी तक्रार केली होती. पाटी लागली त्या दिवशी तलावावर जाना होती, रेमेईची धर्मकन्या. ईस्टरला रेमेईच्या हातचा केक खात ती लहानाची मोठी झाली आणि आता गळ्यात शिट्टी अडकवून जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवर बसत होती. तिनं शिट्टी अगदी हळू वाजवली.

"पाद्रिना," तिनं आपल्या धर्ममातेला हाक मारली, "बाहेर ये ना गं."

"का? वीज पडणारे का?"

"पाटी नाही वाचलीस?"

"वाचली की. मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल आहे."

पण ती बाहेर आली. पोरीला अडचणीत आणायचं तिच्या जिवावर आलं. ती घरी चालली तेव्हा तिचा हात पुन्हा भिंतीवर होता.

संध्याकाळी ऊन उतरलं की आमच्या गल्लीत घरोघरच्या खुर्च्या दारापुढे येतात. वेताच्या बैठकीच्या, प्रत्येक घराच्या वेगळ्या. कोणती खुर्ची कुणाची, हे आम्हाला माणसांच्या चेहऱ्यांइतकं पाठ असतं. दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. प्रत्येकजण एक खुर्ची जास्तीची आणतो, वाटेनं येईल त्याच्यासाठी. 'बस' म्हटलं की त्यानं बसायचं, आणि एकदा बसला की भांडण नाही, हुकूम नाही. थंड हवा खायची, बोलायचं.

म्हणूनच त्या संध्याकाळी आमचा महापौर फेर्मी आला, तो बसला नाही. रेमेईच्या नवऱ्याचा तो चुलतभाऊ.

"उभ्यानंच बोलतो, वहिनी. कामाचं आहे. उद्या पुन्हा तशी उतरलीस तर हा अख्खा उन्हाळा तलाव तुला बंद."

"आणि पुरुषांना?"

"पुरुषांचं वेगळं असतं."

"वेगळं कसं? तुझी छाती माझ्याहून भरलेली आहे, फेर्मी. माझी एक चोळी देऊ का उसनी?"

गल्ली हसली. फेर्मी लाल होऊन गेला. हसणं ओसरल्यावर रेमेईनं आपले हात मांडीवर उलगडले. मिठानं त्या बोटांवरच्या रेषा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या.

"एकटी गेले," ती म्हणाली, "तर म्हातारी चळली म्हणतील आणि विसरतील. आणि तलाव गेला तर डिसेंबरापर्यंत पाठ अशी आखडेल की मला ही खुर्चीसुद्धा दाराबाहेर आणता येणार नाही." मग ती उठली. "उद्या इथे नको बसायला. तिकडे बसू."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आमच्या गल्लीनं खुर्च्या उचलल्या. कुणी खांद्यावर, कुणी डोक्यावर. रस्त्यावर खुर्च्यांच्या पायांच्या सावल्या चालत होत्या, जणू कितीतरी दुबळी जनावरं समुद्राकडे निघालीत. तलावाच्या कडेनं आम्ही त्या एकेक करून मांडल्या. रेमेईनं बटणं सोडली, ब्लाउजची नीट घडी केली आणि मांडीवर शेंगांचं टोपलं घेतलं. मीही सोडली. या गावात माझा जन्म गेला, आणि माझ्या छातीला इथलं ऊन त्या दिवशी पहिल्यांदा लागलं. ते तेच ऊन होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

एन्ग्रासिया सगळ्यात शेवटी आली. चर्चमधल्या मेणबत्त्या लावणारी, गावातली सगळ्यात वयस्क बाई, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळ्या कपड्यात. तिच्या एका हातात स्वतःची खुर्ची होती, दुसऱ्यात मेलेल्या नवऱ्याची.

"मी काही एक काढणार नाही," तिनं बजावलं. "पण ज्या काढतायत त्यांच्या शेजारी बसणार. सरक गं जरा."

आम्ही पाण्यात उतरलो नाही. घोषणा नाहीत, फलक नाहीत. शेंगा सोलत, पंख्यानं वारा घेत बसून राहिलो. पोहणारी पोरं आधी बघत राहिली, मग कंटाळून पुन्हा उड्या मारू लागली.

फेर्मी शिपायाला घेऊन आला. भर उन्हात चालून घामानं थबथबलेला.

"उचल खुर्च्या," तो शिपायाला म्हणाला.

"कुणाची उचलू, साहेब?" शिपाई जमिनीकडे बघत म्हणाला. "ती निळी आमच्या आईची आहे. आई बसलीय तिच्यावर."

"बसलेय आणि बसणारे!" पलीकडून आई ओरडली. "जेवलास का रे?"

तेवढ्यात एन्ग्रासियानं नवऱ्याची खुर्ची पायानं पुढे सारली. "ये फेर्मी. उन्हातून आलास. बस."

आणि फेर्मी बसला.

तो विचार करून बसला नाही. जन्मभर ज्या शब्दाला त्याचे गुडघे वाकत आले, त्याच शब्दाला ते वाकले. बसल्यावर त्याला कळलं. पण आता तो बसला होता. कुणीतरी त्याच्या मांडीवर मूठभर शेंगा टाकल्या. बोलणं सुरू झालं: झऱ्याचं पाणी आटलंय, जत्रेत यंदा राक्षसाचा पुतळा कोण खांद्यावर घेणार, बदामाला कीड लागलीय. त्याला उत्तरं द्यावी लागली. घाम वाहतच होता. बोलता बोलता त्यानं शर्ट काढला आणि शर्टानंच मान पुसली.

सगळ्यांच्या नजरा वळल्या. उघड्या छात्यांच्या रांगेत अजून एक छाती आली होती, पांढरी, मऊ, सगळ्यांत मोठी.

"शर्ट राहू दे, भाऊजी," रेमेई शांतपणे म्हणाली. "उकडतंय. आम्हालाही उकडतं."

ती उठली. टोपलं खुर्चीवर ठेवलं आणि शिडीपाशी गेली. वर उंच खुर्चीत जानानं शिट्टी ओठांत धरली होती. ती फेर्मीकडे बघत होती. आम्ही सगळ्या जानाकडे. फेर्मी मांडीवरच्या शेंगांकडे बघत राहिला, मग त्यानं अंगठ्यानं एक शेंग सोलली. जानानं ओठ उघडले. शिट्टी दोरीला खाली लोंबकळली.

शरद ऋतूत नगरपालिकेच्या बैठकीत मतदान झालं आणि पाटीवरच्या त्या ओळीवर पांढरा रंग फिरला. उजेड तिरका पडला की ती अक्षरं अजून थोडी वर येतात. माझ्या मते येऊ द्यावीत. काय पुसलं, ते दिसलेलं बरं.

पण त्या दुपारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही रेमेईला पाण्यात जाताना पाहत होतो. वाकलेली पाठ बुडाली आणि पलीकडे निघाली ती एक सरळ, लांब, सावकाश रेघ होती. या गावच्या, आमच्या गल्लीतल्या बाईची.

"कसं आहे पाणी?" एन्ग्रासियानं काठावरून हाक दिली.

रेमेईनं तोंडातलं पाणी थुंकलं.

"अळणी!" ती ओरडली आणि पुन्हा पाण्यात वळली.