बिनआवाजाचं मशीन

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याला एका वकिलांकडे टायपिस्ट होती. वकीलसाहेबांनी वय झालं म्हणून काम थांबवलं, तेव्हा टाइपरायटर त्यांनी अक्कालाच देऊन टाकला आणि ती घरीच अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देऊ लागली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत अक्काची खडखड आणि तिथेच भाऊजींचा रेडिओ. ती मशीनवर बसली की भाऊजी रेडिओ मोठा करायचे, मग शेजारीण धाडकन खिडकी लावून घ्यायची.

एका शनिवारी दोघं जळगावला माझ्याकडे आली. मी पाइपच्या कारखान्यात ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे, त्यामुळे त्यातलं मला सगळं कळतं असा घरात समज होता.

"मला बिनआवाजाचं मशीन पाहिजे," अक्का म्हणाली. "आणि काम झालं की उचलून कपाटात ठेवता आलं पाहिजे. त्याच टेबलावर आम्ही जेवतो."

म्हणजे लॅपटॉपच. नवा घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. पण स्टेशनजवळ एक तरुण मारवाडी दुकानदार मुंबईहून जुने कॉम्प्युटर आणून विकायचा. आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो.

त्याने काउंटरवर दोन लॅपटॉप मांडले. एक पातळ, रंगीत पडद्याचा.

"यात गाणी लागतात?" भाऊजींनी लगेच विचारलं.

"लागतात की, भाऊ."

दुसरा जाडजूड, राखाडी, कडेने पिवळट पडलेला. हातात घेतला तर पाटा उचलल्यासारखा वाटला. मी पातळ लॅपटॉपकडे बोट दाखवलं. अक्का म्हणाली, "थांब, आधी मला बसू दे."

दुकानदाराने त्यावर मराठी अक्षरं चालू करून दिली. बटणं मराठी टाइपरायटरसारखीच होती. अक्काने सवयीने प्रतिज्ञापत्रच सुरू केलं. बोटांना वेग आला. ओळ संपली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा डावा हात टाइपरायटरची दांडी सरकवायला वर गेला. दांडी कुठली असणार? हात फाडकन पडद्यावर बसला. पडदा मागे कलंडला आणि काउंटरवर उताणा पडला.

"मोडलं का हो?" अक्काचा चेहरा एवढासा झाला.

दुकानदाराने ओशाळत पडदा उभा केला. "नाही अक्का. याची बिजागरी आधीपासूनच ढिली आहे. मी सांगणारच होतो."

"कधी? गाणी वाजल्यावर?" भाऊजी म्हणाले. तोही हसला, आम्हीही.

मग जाडजूड लॅपटॉप तिच्यापुढे आला. पुन्हा ओळ संपली, पुन्हा फटका बसला. पडदा जरासा हलला आणि जागच्या जागी राहिला. अक्काने आता मुद्दाम एक लगावला.

"अक्का, बस झालं हो!" दुकानदार कळवळला.

भाऊजी खुशीत आले की अहिराणीवर यायचे. "हाऊच बरा शे," ते म्हणाले. "भारी शे, पण मार खानारा शे!"

बॅटरी फार टिकत नाही, हे दुकानदाराने आपण होऊन सांगितलं. अक्का म्हणाली, "लाइट गेली की मीही उठतेच."

एस.टी.त ती तो टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसली, धुळे येईपर्यंत.

हाताची सवय जायला बरेच महिने लागले. जाडजूड लॅपटॉपच्या बिजागरीने काही कुरकुर केली नाही. कागद छापायला फ्लॉपी चौकातल्या दुकानात न्यावी लागे. धुळीने ती बिघडते असं कोणीतरी सांगितल्यामुळे अक्का ती स्टीलच्या डब्यातून न्यायची. दुकानातली माणसं विचारायची, "आज काय भाजी?"

पुढे भाऊजींनाही टायपिंगची हौस आली. लेक लग्न होऊन नाशिकला होती. एका बोटाने टकटक करत त्यांनी दुपारभर तिला पत्र लिहिलं. बटणांखालची लांब पट्टी कशासाठी असते, हे विचारायला ते लाजले. पत्र मिळाल्यावर लेकीचा शेजाऱ्यांकडे फोन आला.

"आई, बाबांना सांग, मधेमधे श्वास घ्या. सगळं पत्र एकच शब्द आहे!"

अक्का फोनवरच हसत सुटली. दुसऱ्या पत्रात भाऊजींनी शब्दाशब्दात इतकी जागा सोडली की चार ओळींचा मजकूर दोन पानांचा झाला.